आमची वाटचाल : ट्रम्पेटचा वर्ग आणि दुरुस्तीचे टेबल

दादरच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत १९९८ साली आम्ही ट्रम्पेटचा वर्ग सुरू केला. त्याआधी चौदा वर्षे मी एका हॉटेलात रोज रात्री जॅझ वाजवीत असे. मात्र व्यवस्थापनाने पाच वादकांऐवजी एकच कीबोर्डवाला ठेवला आणि ते काम संपले.

माझे गुरुजी गोव्याचे; चर्चच्या शाळेत नोटेशन, म्हणजे कागदावरची स्वरलिपी, शिकून मुंबईत आलेले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याच गोव्यातून आलेले ट्रम्पेटवादक आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' या चित्रपटात (१९५१) त्यांचा वाद्यवृंद वाजला आहे. म्हणून जॅझ हे परके संगीत आहे अशी शंका काढणाऱ्या पालकांना मी वाद न घालता आधी 'अलबेला'ची गाणी ऐकवतो.

खरे शिष्य मात्र लग्नाच्या बँडमधून आले. चातुर्मासात लग्ने नसतात, तेव्हा ही मुले मोकळी असतात. कोणतेही गाणे कानाने उचलण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज होती, पण ट्रम्पेटवर कागदावरचा 'सी' वाजवला की हार्मोनियमवर काळी पाच का येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ट्रम्पेट बी फ्लॅटमध्ये बांधलेला असतो, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, एवढ्या एका गोष्टीने त्यांचा निम्मा गोंधळ मिटला. स्विंगला, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीला, मात्र वेळ लागला. केरव्यात समान पडणारे अर्धे ठोके पहिला लांब, दुसरा आखूड असे झुकवायचे, हे सांगून जमत नाही, टाळी देत महिनोन्‌महिने म्हणावे लागते. आणि रोजची पहिली पंधरा मिनिटे फक्त लांब सूर. ज्यांना ती कंटाळवाणी वाटली ते टिकले नाहीत, त्याचे मला फारसे वाईटही वाटले नाही.

खोलीचे भाडे शिकवणीने कधीच पूर्ण निघाले नाही. ते निघाले दुरुस्तीतून. पावसाळ्यात ट्रम्पेटच्या खोक्यात तसेच ठेवलेले, तेल न घातलेले पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, अडकतात, मग कोणीतरी ते पकडीने ओढतो आणि नळी वाकवून आमच्याकडे आणतो. पोचे काढायला शिकलो तेही अशीच बिघडलेली वाद्ये हाताळून. २०२० मध्ये वर्ग मोबाइलवर घेतले. आवाज उशिरा पोहोचत असल्याने एकत्र वाजवणे अशक्य होते, तरी एकेकट्याचा सूर दुरुस्त करता आला.

यंदाची पावसाळी तुकडी आषाढी एकादशीनंतरच्या सोमवारी बसेल. वाद्य आमच्याकडे मिळेल, माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा भाग, ज्याचा त्याने आणावा.