बबड्याची वाटी

"डॉक्टरीणबाई, फार सुटलाय हो हा. खाणं कमी करू का याचं?" आजींनी दारातूनच विचारलं. सोबत दहा-अकरा वर्षांचा नातू, त्याच्या हातात पिंजरा. आत बबड्या, त्यांचा चार वर्षांचा कॉकॅटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, लोकरीच्या गुंड्यासारखा गोल होऊन बसलेला.

सूर्यफुलाच्या बिया खाऊन लठ्ठ झालेले कॉकॅटील माझ्याकडे नेहमी येतात. पण पुण्यात, मे महिन्यात, भर दुपारी पाखरू पिसं फुलवून डोळे मिटून बसलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. आजारी पक्षी अंगातली ऊब धरून ठेवायला पिसं फुलवतो, आणि बघणाऱ्याला तो गुबगुबीत वाटतो.

टॉवेलात धरून छातीवरून बोट फिरवलं. धडधाकट कॉकॅटीलच्या छातीचं मधलं हाड बोटाला जेमतेम लागतं, कारण दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं. इथे ते हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं, बाजूंना नुसते खळगे. काट्यावर ठेवला. ६८ ग्रॅम.

या जातीत मोठ्या पक्ष्याचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम असतं. काही अंगानेच लहान किंवा मोठे असतात, म्हणून मी ज्याचं त्याचं जुनं वजन बघते. बबड्या मागच्या वर्षी नखं कापायला आला होता, कार्डावर ९४ लिहिलेलं होतं. दहा टक्के घटलं तरी आम्ही धास्तावतो. इथे पाव हिश्श्याहून जास्त पाखरू गेलं होतं!

पिंजऱ्यातल्या कागदावर विष्ठा अगदी थोडी, गडद हिरवी. पोटात अन्न जात नसल्याची खूण. सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचे जंतू, बुरशी काही सापडलं नाही.

"खातो का रे हा?"

"मी रोज बघतो ना. वाटी भरलेलीच असते," नातू म्हणाला.

वाटी उचलून मी हलकी फुंकर मारली. टेबलभर टरफलं उडाली. तळाला राळ्याचे सात-आठ दाणे उरले. पोपटाच्या जातीचे पक्षी दाणा चोचीत सोलतात आणि रिकामं टरफल तिथेच टाकतात. वरून वाटी भरलेलीच दिसते. आजी तीन आठवडे लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला होत्या, आदल्या रात्रीच परतलेल्या. नातू अधूनमधून वरून चमचाभर दाणे घालायचा, तेवढ्यावर बबड्या तगला होता.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. आजींनी त्याला जवळ ओढलं. "मी रोज सकाळी पाखडूनच नवं घालते रे. तुला सांगायचं माझंच राहिलं."

आधी ऊब दिली, तिशीच्या आसपास तापमान. मग सलाईन, आणि मग नळीने कोमट पातळ खाणं, एका वेळी दोन-तीन मिली. उपाशी पोटी एकदम भरलं तर जीवावर बेततं. पहिल्या रात्री मी दवाखान्यातच थांबले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः दाणा फोडला, तो टच्च आवाज मी बाहेरच्या खोलीतून ऐकला. पाचव्या दिवशी ७४ ग्रॅम भरला आणि घरी गेला.

महिन्याने दोघं पुन्हा आले. मुलाच्या हातात वही, रोज सकाळी खाण्याआधी केलेलं वजन तारखेसकट लिहिलेलं. शेवटचा आकडा ८९. मी बबड्याला तपासत होते तेवढ्यात मुलाने वाटी घेतली, खिडकीपाशी गेला आणि गाल फुगवून फुंकर मारली.