कॅल्शियम आणि टीएलडी एका घोटात नको

एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या एआरटी सेंटरवरून टीएलडीची बाटली मिळते. टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र असलेली एचआयव्हीची गोळी. कंबर धरते म्हणून जवळचे डॉक्टर कॅल्शियम लिहून देतात. मग सकाळी घाईत दोन्ही गोळ्या अनशापोटी, एकाच घोटात. घोळ इथेच होतो. कॅल्शियम आणि लोह टीएलडीमधल्या डोलुटेग्राव्हिरला आतड्यातच धरून ठेवतात. उपाशीपोटी कॅल्शियमसोबत घेतलं, तर रक्तात पोचणारं डोलुटेग्राव्हिर सुमारे ३९ टक्क्यांनी घटतं, लोहासोबत ५४ टक्क्यांनी.

पोटभर जेवणासोबत घेतल्या तर दोन्ही गोळ्या एकत्र चालतात. नाहीतर टीएलडी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी. ठाण्याहून सकाळची वाशी लोकल गाठणाऱ्यांना हे सोयीचं: कॅल्शियम दुपारच्या डब्यासोबत, टीएलडी रात्री झोपताना. पित्तावरचं पातळ औषध मात्र जेवणासोबतही चालत नाही, तिथे अंतर ठेवायचंच. डॉक्टरांना टीएलडीचं नाव सांगायची चोरी वाटत असेल, तर निदान हे अंतर तरी पाळा.

एचआयव्हीमुळे शरीरात सतत धुमसणारी सूज हाडं झिजवते. एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्के उतरते, मग बहुधा स्थिरावते. टीएलडीमधलं टेनोफोव्हिर काहींच्या किडनीतून फॉस्फेट गळू देतं, त्याने हाडं मऊ पडतात. रक्तातली साखर नॉर्मल असूनही लघवीत साखर किंवा प्रथिनं दिसली, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, तर रिपोर्ट घेऊन सेंटर गाठा. गोळी मनाने बंद करू नका. सोबत हिपॅटायटिस बी असेल, तर तो एकदम उसळू शकतो.

सात वाजता तलावपाळीच्या फेऱ्या हाडांना चांगल्याच, पण त्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही. त्यासाठी अकरा ते एकचं ऊन हवं, तेही थेट. ऐरोली-महापेच्या ऑफिसात काचेआडून येणारं ऊन कामाचं नाही. कमतरता निघाली तर बहुतेकदा ६०,००० युनिटची पुडी देतात, आठवड्याला एक, साधारण ८ आठवडे, दुधातून. ती रोज घेणारेही आहेत! मग रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या आणि बद्धकोष्ठता सुरू होते, किडनीवर ताण येतो.

दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पुरतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे दोन भाकऱ्या आणि दोन वाट्या दही झालं की अर्ध्याहून जास्त मजल तिथेच.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी आणि पाळी गेलेल्या बायकांनी करावी. किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर वय बघत बसू नये. तिच्या रिपोर्टात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली.

जांघेत दुखतंय, चालताना वाढतंय, तर ते ‘वयाचं’ म्हणून सोडू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटत असेल, तर सुरुवातीला एक्स-रे साफ येतो. तेव्हा एमआरआयच लागतो.