गाडीवरच्या सोलरसाठी कंट्रोलर निवडताना : माझा अनुभव

गुहागरच्या मुक्कामात चौथ्या दिवशी पहाटे फ्रिज बंद पडला. आमच्या ईकोत मागे पलंग, छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, १२ व्होल्टचा पंखा आणि दोन दिवे एवढाच संसार. पण त्या फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन असतं. उजाडल्यावर शेजारच्या घरातल्या काकूंनी त्यांच्या फ्रिजमध्ये जागा करून दिली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

टपावर ३३५ वॅटचं पॅनेल, खाली १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि दोघांच्या मधे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर. दिवसाचा खर्च साधारण ७०० वॅट-अवर. एवढ्या पॅनेलवर वीज उरायला हवी होती, मग ती जात कुठे होती?

घरी आल्यावर भर दुपारी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. पॅनेलकडून येणाऱ्या वायरवर ८.१ अँपिअर. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवरही ८ च. मीटर चुकतोय असं वाटून तीनदा मोजलं. मग समजलं, कंट्रोलरचे दोन प्रकार असतात, साधा पीडब्ल्यूएम आणि पॅनेलची पूर्ण ताकद वापरणारा एमपीपीटी; खोक्यावर ‘एमपीपीटी’ छापून विकलेला माझा कंट्रोलर प्रत्यक्षात पीडब्ल्यूएम होता.

पीडब्ल्यूएम म्हणजे वेगाने चालू-बंद होणारं बटणच. ते पॅनेलला थेट बॅटरीला जोडतं, त्यामुळे पॅनेलचे व्होल्ट बॅटरीइतकेच खाली येतात. माझं ७२ सेलचं पॅनेल ३८ व्होल्टला पूर्ण ताकदीने चालतं. ते बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढलं की १३ गुणिले ८, म्हणजे जेमतेम १०४ वॅट. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो, म्हणून बॅटरीकडचे अँपिअर पॅनेलकडच्यापेक्षा कितीतरी जास्त दिसायला हवेत. खरेखोटेपणा ओळखायची हीच चाचणी.

तरीही एमपीपीटी प्रत्येकाला हवाच असं मी म्हणणार नाही. ३६ सेलचं, १८ व्होल्टला चालणारं १०० वॅटचं एकच पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम पुरतो. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या टपावर त्या पॅनेलचे व्होल्ट १५-१६ पर्यंत उतरतात, मग एमपीपीटीचा फायदा थोडाच उरतो. ते पैसे जाड वायरवर घालावेत.

नवा घेताना आधी पॅनेलच्या पाठीमागचं लेबल वाचलं. ३३५ भागिले १३, म्हणजे २६ अँपिअर; म्हणून ३० अँपिअरचा कंट्रोलर. ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनेलला काहीच जोडलेलं नसतानाचे व्होल्ट) ४६ होतं, पण तो आकडा २५ अंश तापमानाचा. थंडीत व्होल्ट वाढतात. आम्हाला स्पितीला जायचंय, तिथे शून्याच्या आसपास ते ५० ला टेकतील, त्यामुळे ५० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर बाद. शेवटी १००/३० घेतला. यात पहिला आकडा पॅनेलकडचे व्होल्ट, दुसरा बॅटरीकडचे अँपिअर. (शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, त्यामुळे ती गाडीच्या आत, उबेतच ठेवायची आहे.)

सगळ्यात जास्त वेळ सेटिंगमध्ये गेला. लेड ॲसिड या जुन्या प्रकारच्या बॅटरीचं सेटिंग तसंच राहिलं तर इक्वलायझेशनमध्ये (त्या बॅटरीला अधूनमधून मुद्दाम दिलेल्या जास्तीच्या चार्जमध्ये) व्होल्ट १५ च्या वर जातात आणि लिथियम बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे तिला जपणारं सर्किट, बॅटरीची जोडणी तोडतं. मी बॅटरीचं माहितीपत्रक समोर ठेवून ॲब्सॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरतानाचे व्होल्ट) १४.२ आणि फ्लोट (भरल्यानंतर टिकवायचे व्होल्ट) १३.५ ठेवलं; इक्वलायझेशन आणि तापमानानुसार व्होल्ट बदलणं, दोन्ही बंद केलं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच ४० अँपिअरचा फ्यूज.

त्या दुपारी पुन्हा मीटर लावला. पॅनेलकडे ७.६, बॅटरीकडे २१. आईला हाक मारून आकडा दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट वाचला आणि विचारलं, “म्हणजे आता गुहागरला पुन्हा जायचं ना?”