साहेब गाडीतनं उतरलेच नाहीत

तीस वर्षं मोजणी खात्यात गेली, त्यामुळं नकाशा दिसला की माझा हात आपसूक चष्म्याकडं जातो. परवा नातवानं मोबाईलवर अंटार्क्टिकाचा नकाशा उघडला. बाहेर मे महिन्याचं ऊन, जुळे सोलापुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि आम्ही दोघं बर्फात.

आपलं ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र १९८९ पासून जिथं आहे, त्या उघड्या खडकाळ पट्ट्याला शिर्माखर हे एका जर्मन वैमानिकाचं नाव आहे. १९३९ साली मोहिमेच्या विमानातनं त्याला तो दिसला. वरून फोटो काढले हजारो, पण खाली जमिनीवर मोजलेले पक्के बिंदूच नव्हते. मग नकाशा कशाला जुळतोय! मी नातवाला म्हटलं, "साहेब गाडीतनं उतरलेच नाहीत." त्याला काय कळलं देव जाणे.

आमच्याकडं प्लेन टेबल, म्हणजे शेतात नकाशा काढायचा पाट, मांडायच्या आधी हद्दीचा दगड शोधायचा. बाभळीखाली सापडतो, कधी गोठ्याच्या पायरीत बसवलेला. अक्कलकोट तालुक्यात एकदा दगड चांगला चार हात पलीकडं निघाला. शेतकरी म्हणाला, "पावसानं सरकला असंल, साहेब." दक्षिण ध्रुवावर मात्र हे खरंच होतं. तिथला बर्फ वर्षाला साधारण १० मीटर सरकतो, वरची खूणही त्याच्यासोबत निघते. म्हणून दर १ जानेवारीला नव्यानं मोजून खूण रोवतात. चार हातांसाठी माझं डोकं खाल्लेली ती भावकी तिथं नेऊन सोडायला पाहिजे होती.

नावांचा घोळ तर विचारू नका. ब्रिटिशांचं किंग जॉर्ज बेट अर्जेंटिनाच्या नकाशात ‘२५ मे’ आणि रशियाच्या नकाशात ‘वाटरलू’. नातू हसत सुटला. मला नवल वाटलं नाही. दोन गावांच्या शिवेवरच्या ओढ्याला इकडचे लोक तिकडच्या गावाचा ओढा म्हणतात, तिकडचे इकडच्या. कागदावर गट नंबर असतो, तोंडात ‘चिंचेची पट्टी’. ती चिंच माझ्या नोकरीआधीच तुटलेली.

पण अलेक्झांडर बेटावर मोझार्ट, बाख, बेथोवन अशी संगीतकारांची नावं बघून मीही थांबलो. तिथं वाऱ्याशिवाय ऐकणार काय?

"आजोबा, तुमचं नाव कुठं आहे का?"

आहे की, म्हटलं. मोजणीच्या टिपणावर, खाली उजव्या कोपऱ्यात.