रुईचे तंतू आणि गिरकी घेणारी कार्ट

जळगावात संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्याला मे महिन्यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ झाकण उघडण्याआधीच ठाऊक असते. बाहेर पारा पंचेचाळीसकडे सरकलेला असतो आणि आतला पंखा धुळीने थकलेला असतो. धरणगावहून आलेल्या एका संगणकाचे दुखणेही वरकरणी तेच होते, तरीही ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

संगणक एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, मालकाच्या मुलाचा होता. पिबोसो या इटालियन निर्मात्याचा ‘कार्ट रेसिंग प्रो’ हा कार्टच्या, म्हणजे छोट्या उघड्या शर्यती गाड्यांच्या, शर्यतींचा खेळ तो स्टीअरिंग आणि पेडल जोडून गंभीरपणे खेळत असे आणि एका तीव्र वळणावर त्याची कार्ट वारंवार गर्रकन फिरत असे. वडिलांनी दारातूनच विचारले, “भाऊ, काय व्हयनं याले?” त्याआधी दुसऱ्या एका दुकानाने विंडोज नव्याने टाकून दिले होते आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड त्यांच्या गळ्यात मारले होते. आमच्या धंद्यात या दोन औषधांवर कित्येकांचे दुकान चालते. वास्तविक अशा खेळात टायरची पकड, चासीची, म्हणजे सांगाड्याची, लवचिकता, इंजिनाचा जोर यांचे गणित सतत चालू असते आणि ते प्रोसेसरच्या माथी असते. चित्र कितीही सुंदर दिसले तरी हे गणित वेळेवर झाले नाही, तर स्टीअरिंगला जाणवणारी ओढ हाताला उशिरा कळते.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा पंखा सोडवला तेव्हा त्याच्या मागच्या पत्र्यांवर रुईच्या तंतूंची वाकळ अंथरल्यासारखा थर सापडला. संगणक जिनिंगच्या कार्यालयातच ठेवलेला होता आणि हंगामभर हवेत उडणारी रुई त्याने इमानाने ओढून घेतली होती. येथे पुष्कळ जण थेट ब्लोअर मारतात, त्याने थर पत्र्यांच्या फटींत आणखी घट्ट बसतो; शिवाय पाती मोकळी सोडली, तर पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. चिमट्याने थर सोलून काढायचा, मग मऊ ब्रश आणि शेवटी पाती बोटाने धरून हवा, हा क्रम मी सोडत नाही.

मात्र सफाई करण्याआधी मी मुलाला दुकानातच तो खेळ खेळायला बसवले होते. तापमान आणि प्रोसेसरचा वेग दर सेकंदाला फाइलमध्ये नोंदवणारा प्रोग्रॅम मागे चालू ठेवला आणि कार्ट फिरली की ती वेळ मी कागदावर टिपत गेलो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर सरळ दोन गट पडले. काही गिरक्या प्रोसेसर शंभर अंशांला टेकून स्वतःचा वेग निम्म्यावर आणत होता तेव्हाच्या होत्या. उरलेल्या गिरक्या अगदी सुरुवातीच्या, तापमान सत्तरच्या आसपास आणि वेग पूर्ण असतानाच्या होत्या.

सफाई करून प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी नवी थर्मल पेस्ट लावल्यावर पहिला गट नाहीसा झाला, दुसरा राहिला. त्याचे कारण संगणकात नव्हे, कार्टच्या रचनेत होते. कार्टला सस्पेन्शन नसते आणि वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियलही नसते. मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्यामुळे वळणात आतले मागचे चाक जमिनीपासून किंचित उचलले जावे लागते आणि स्टीअरिंगची भूमिती ते उचलते. त्यातच कार्ट शर्यतींच्या बहुतेक वर्गांत ब्रेक फक्त मागच्या आसाला असतो. मुलगा वळण घेतानाही ब्रेक दाबून ठेवत होता, म्हणजे बाजूचा भार पेलणाऱ्या टायरलाच थांबवण्याचे कामही देत होता. सरळ रस्त्यावरच ब्रेक पूर्ण करून मग वळायला सांगितल्यावर काही फेऱ्यांतच तो सावरला.

वडिलांचा पुढचा प्रश्न चोख होता: मग बिघाड संगणकात होता की पोराच्या हातात? उत्तर मला तेव्हा देता आले नाही आणि आताही येत नाही. मुलगा हा खेळ त्याच तापणाऱ्या संगणकावर शिकला होता. कार्ट घसरू लागल्याची खूण हाताला उशिरा मिळत असेल, तर धास्तीने वळणभर ब्रेक धरून ठेवण्याची सवय त्यातूनच लागली असणे शक्य आहे; ती मुळातच त्याची असणेही तितकेच शक्य आहे. माझी नोंद त्या दिवसाच्या गिरक्या वेगळ्या करू शकते, सवयीचे मूळ सांगू शकत नाही. यंत्र आधी स्वच्छ असते तर तो कसा शिकला असता, हे तपासायला आता मार्ग उरलेला नाही.

बिलात मी सफाई आणि पेस्ट एवढेच लावले. वडिलांनी मागितल्यावरून तापमानाच्या नोंदीचा छापील कागदही सोबत दिला. तो दाखवून ग्राफिक्स कार्ड परत करायचा त्यांचा विचार होता. ते दुकान कार्ड परत घेईल, असे मला वाटत नाही.