खरखर आणि रखडपट्टी

कॉम्प्युटरचा आवाज बिघडला की घराघरांत उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी रीस्टार्ट, मग स्पीकरच्या डोक्यावर एक चापट, आणि शेवटी नाशिकच्या एमजी रोडला चक्कर मारून नवा स्पीकर. यातला रीस्टार्ट कधीकधी उपयोगी पडतो. नवा स्पीकर मात्र घरी येऊन तितक्याच निष्ठेने खरखरतो, कारण दोष जुन्या बिचाऱ्याचा नव्हताच.

आवाज फाटणं आणि आवाज रखडणं यांची कारणं वेगळी असतात, म्हणून आधी नीट ऐकावं. रखडण्याचं निदान सुराच्या कानाने होतं. परीक्षेला शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर लावावेत. जन्म नाशिकचाच, १९२१चा, आणि सूर इतका निर्मळ की जरा ढळला तरी कळतं. गाणं संथ झालं पण पट्टी, म्हणजे सुराची उंची, तीच राहिली, तर बिघाड कसलाच नाही. कुणाच्या तरी हातून प्लेअरचा वेग बदललाय. हल्लीचे प्लेअर वेग कमी करताना पट्टी सांभाळतात. व्हीएलसीत चौकोनी कंसाचं बटण चुकून दाबलं जातं आणि वेग घटतो. ‘बरोबर’च्या चिन्हाचं बटण दाबलं की पूर्ववत. यूट्यूबवर हीच करामत शिफ्ट आणि स्वल्पविराम मिळून करतात.

गाणं संथ होताना गायकाची पट्टीही उतरली, तर मात्र हिशेब चुकलाय. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत साठवलेला असतो, व्हिडिओचा बहुधा ४८,००० नमुन्यांत. ४८,०००चा माल साउंड कार्डाने (कॉम्प्युटरमधला आवाज बाहेर काढणारा भाग) ४४,१००च्या वेगाने वाचला की ६० सेकंदांचं गाणं ६५ सेकंदांवर जातं. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज, म्हणजे सा, उतरून पांढरी एक आणि तिच्याखालची पांढरी सात यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळतो. घरात पेटी असेल तर लगेच पडताळता येईल. (जुनी ७८ आरपीएमची तबकडी डिजिटल करतानाच वेग चुकलेला असू शकतो, म्हणून तीच फाइल मोबाइलवरही ऐकावी.) उपाय दोन मिनिटांचा. विंडोज ११मध्ये टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक, साउंड सेटिंग्ज, तिथे खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, मग आपल्या स्पीकरच्या प्रॉपर्टीज आणि ॲडव्हान्स्ड टॅब. १६ बिट, ४८,००० हर्ट्झ निवडायचं, ‘एक्सक्लुझिव्ह मोड’च्या टिकमार्क काढायच्या आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडायचा.

तडतडीचं, म्हणजे आवाज फाटण्याचं, प्रकरण जास्त गमतीचं. प्रोसेसर आवाजाचे नमुने बफरमध्ये, म्हणजे मधल्या तात्पुरत्या साठ्यात, भरत राहतो आणि साउंड कार्ड ते एका लयीत उपसत राहतं. विंडोजमध्ये एक खेप साधारण १० मिलिसेकंदांची, म्हणजे ४८,०००च्या हिशेबाने ४८० नमुन्यांची. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की नळ फुरफुरतो, तसंच इथे होतं. खेप उशिरा आली की मधली पोकळी ‘तड्’ अशी ऐकू येते. लोक लगेच रॅम वाढवायला निघतात. पण प्रोसेसर बहुधा मोकळाच असतो. कुठला तरी ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) त्याला काही मिलिसेकंद अडवून धरतो, आणि त्यात वाय-फायवाल्याचा नंबर फार वेळा वर लागतो. वाय-फाय बंद करून डिस्कवरचं गाणं लावा. तडतड थांबली तर चोर सापडला. नाही थांबली तर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर गाणं चालू असताना दहा मिनिटं चालू ठेवावं. कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते हे सॉफ्टवेअर नावानिशी सांगतं. मग तेवढाच ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरला दारात उभं करू नये. जोडीला ऑडिओ एनहान्समेंट्स बंद, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’.

आणि धूळ. नाशिकची हवा थंड हे जुनं कौतुक झालं; एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पंखा धुळीने भरलेला असला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आणि दुपारी खरखरणारा कॉम्प्युटर रात्री शहाणा होतो. अशा वेळी सेटिंग चाळत बसण्यापेक्षा ब्रश घ्यावा.

तड्तड् नसून सलग गुणगुण येत असेल तर सॉफ्टवेअरचा विषय संपला. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. गुणगुण गेली तर घोळ चार्जरचा किंवा अर्थिंगचा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचा बोर्ड दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी तारच नसते. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावावेत. गुणगुण घालवायला अर्थची पिन तोडणं हा उपाय नव्हे, शॉकला आमंत्रण आहे. लाइट गेल्यावरच गुणगुण सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा, आहे का ते पाहावं.

वायर हलवल्यावर खरखर होत असेल तर पिन आणि जॅक. पिनेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा, पीसी बंद ठेवून. पुढचा जॅक खरखरतो आणि मागचा हिरवा नीट वाजतो, तर कॅबिनेटच्या आतली वायर सैल आहे.

एवढं करूनही हटत नसेल तर काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं आणि हबमध्ये नाही, थेट मागच्या पोर्टमध्ये लावावं. मदरबोर्ड बदला म्हणणाऱ्या दुकानदाराला आधी ते लावून दाखवायला सांगावं.