‘अबाइड विथ मी’ची चाल कोणाची?

लहानपणी २९ जानेवारीला संध्याकाळी टीव्हीवर बीटिंग रिट्रीट लागायचं, आणि सगळा बँड जोशात वाजवून झाला की एकदम संथ होऊन एक धून यायची, मधेमधे लांबून घंटा वाजायच्या, आणि घरातलं बोलणं आपोआप बंद व्हायचं. कित्येक वर्षं मला ती मिलिटरी बँडचीच धून वाटायची. तिचं नाव ‘अबाइड विथ मी’, म्हणजे ‘माझ्याबरोबर राहा’, तिला शब्द आहेत, ते एका पाद्रीने लिहिलेत, ते चर्चमधलं भजन आहे आणि गांधीजींचं खूप आवडतं होतं, हे सगळं फार उशिरा कळलं. २०२२ पासून ती तिथे वाजत नाही, त्याऐवजी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ असतं.

आत्ता लिहायचं कारण म्हणजे मी ती धून हार्मोनियमवर बसवायला घेतली, आणि त्यासाठी हिम्सचं, म्हणजे चर्चमधल्या भजनांचं, एक जुनं नोटेशनचं पुस्तक हातात आलं. त्यात गाण्याच्या वर दोन कोपऱ्यांत दोन नावं होती. एकीकडे हेन्री फ्रान्सिस लाइट, १७९३ ते १८४७. दुसरीकडे विल्यम हेन्री मंक, १८२३ ते १८८९. आणि खाली गाण्याचं साल होतं १८४७ आणि चालीचं १८६१. म्हणजे शब्द लिहिणारा जाऊन १४ वर्षं झाल्यावर चाल आली! मी तेवढ्यावरच बराच वेळ थांबलो, कारण ऐकताना असं वाटतं की शब्द आणि सूर एकाच श्वासात सुचले असणार.

लाइट जन्माने स्कॉटलंडचा. लहानपणीच वडील सोडून गेले, आयर्लंडमध्ये शाळेच्या हेडमास्तरांनीच त्याला सांभाळलं, फीसुद्धा त्यांनीच भरली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंग्रजी कवितेचं बक्षीस त्याने तीनदा मिळवलं, आणि मग पाद्री होऊन शेवटी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम नावाच्या मच्छीमारांच्या गावात वीसेक वर्षं राहिला. कोळ्यांसाठी आणि खलाशांसाठी काम केलं, शेकडो मुलांची संडे स्कूल चालवली. छाती पहिल्यापासून नाजूक, पुढे क्षयच झाला. हवापालटासाठी दर हिवाळ्यात युरोपच्या दक्षिणेला जावं लागायचं, तसंच १८४७ मध्येही निघायचं होतं. ४ सप्टेंबरला, घरच्यांनी नको नको म्हणताना, तो चर्चमध्ये शेवटचं प्रवचन द्यायला गेला. त्याच्या मुलीने १८५० मध्ये त्याच्या कवितांच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की त्याच दिवशी संध्याकाळी त्याने घरातल्या एका जवळच्या माणसाच्या हातात हे गीत ठेवलं. आणि २० नोव्हेंबरला आजच्या फ्रान्समधल्या नीस इथे तो गेला, तिथेच त्याला पुरलं. (हे गीत मुळात १८२० चं, एका मरणाऱ्या मित्राच्या उशाशी बसून सुचलेलं, असंही सांगतात. मला मुलीचं म्हणणं जास्त पटतं, वाचताना ही स्वतःच्या मरणाकडे बघणाऱ्या माणसाची ओळ आहे हे जाणवतंच.)

शब्द आलेत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातून, २४ वा अध्याय. येशूला क्रुसावर दिल्यानंतर दोन शिष्य अम्माऊस गावाकडे चाललेत, वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागतो, तो येशूच आहे हे त्यांना कळत नाही. गाव येतं तेव्हा ते त्याला म्हणतात, दिवस कलला, संध्याकाळ झाली, आमच्याकडेच मुक्काम कर. हे मला फार सुंदर वाटतं, की ही विनवणी देव म्हणून ओळखून केलेलीच नाहीये, तिन्हीसांजेला वाटेवरच्या माणसाला घरात बोलवावं तशी केलेली आहे. लाइटने त्यातलं ‘आमच्याबरोबर’ काढून ‘माझ्याबरोबर’ केलं. बाकी संध्याकाळ तीच, फक्त आता ती आयुष्याची झाली. बरेच जण हे झोपायच्या आधीचं गाणं समजतात पण पुढची कडवी वाचली की कसली संध्याकाळ ते लगेच समजतं. मूळ कडवी आठ आहेत, गातात साधारण पाचच.

आता खरी गोष्ट. लाइटने त्या संध्याकाळी नुसते शब्द दिले नव्हते, स्वतः केलेली चालही दिली होती. ती आज जवळजवळ कोणी गात नाही. मला आधी याचं वाईट वाटलं. पण हिम्सचं काम कसं चालतं ते समजून घेतल्यावर थोडं उमगलं. तिथे शब्द वेगळे आणि चाल वेगळी, चालीला स्वतःचं नाव असतं, आणि प्रत्येक ओळीत किती अक्षरं ते आकड्यात लिहितात. हे गीत १०-१०-१०-१० चं आहे, म्हणजे त्या मापाची कुठलीही चाल त्याला लागू शकते. आपल्याकडे अभंगाला कोणीतरी शेकडो वर्षांनी चाल लावतं आणि मग तीच आपल्या कानात बसते, तसंच हे. लाइटच्याच दुसऱ्या एका गाजलेल्या हिमचंही तेच झालं, ‘प्रेझ माय सोल द किंग ऑफ हेवन’ १८३४ चं आणि जॉन गॉसची चाल १८६९ ची. दोन्ही वेळा ऐकायला तो नव्हता.

मंक हा लंडनचा ऑर्गनिस्ट. स्टोक न्यूइंग्टनच्या सेंट मॅथायस चर्चमध्ये १८५२ पासून मरेपर्यंत एकाच जागी वाजवत राहिला. ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हे १८६१ चं पुस्तक, ज्याने इंग्रजी चर्चचं गाणंच बदललं, त्याच्या संगीताचा संपादक तोच होता. एक गोष्ट अशी सांगतात की कमिटीची मीटिंग संपली तेव्हा लक्षात आलं की २७ नंबरच्या हिमला चालच नाही, आणि मंकने दहा मिनिटांत ती लिहून दिली. त्याच्या बायकोची आठवण वेगळी आहे. ती म्हणते, मोठ्या दुःखाच्या दिवसांत दोघं मावळतीकडे बघत उभे होते, शेवटचा प्रकाश गेला आणि त्याने कागद ओढून चाल लिहिली. मला दोन्ही खऱ्या असाव्यात असं वाटतं, मनात दुःख आधीपासून असेल तर लिहायला दहा मिनिटं पुरतात. चालीचं नाव त्याने ठेवलं ‘इव्हनटाइड’, पहिल्याच ओळीतला शब्द, म्हणजे कातरवेळ.

पेटीवर पहिली ओळ अशी येते: ग ग रे सा, प ध प प म ग. तीनच सुरांत खाली उतरते, सा वर टेकते आणि तिथून थेट पंचमावर जाते. सगळी हाक त्या उडीत आहे. दुसरी ओळ ग म प ध प म रे ग, आणि मग तीव्र मध्यम घेऊन पंचमावर थांबते. तो तीव्र म मी आधी चुकून शुद्धच वाजवत होतो आणि काहीतरी कमी वाटत होतं पण काय ते कळत नव्हतं. तो लागला आणि अंधार दाटतोय म्हणणाऱ्या ओळीच्या शेवटी क्षणभर उजेड आल्यासारखं झालं. हे मंकचं आहे, लाइटच्या शब्दात हे लिहिलेलं नाही. म्हणून कोणी ‘लाइटचं गाणं’ म्हटलं की मी आता लगेच मंकचंही नाव घेतो.

पुढे हे गाणं कुठे कुठे गेलं! १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ब्रसेल्सला इंग्लिश नर्स इडिथ कॅव्हेलला जर्मनांनी गोळ्या घालायच्या आदल्या रात्री तिने पाद्रीबरोबर याच ओळी म्हटल्या. १९२७ पासून इंग्लंडमध्ये एफए कपच्या फायनलआधी अख्खं स्टेडियम हे गातं, आणि फुटबॉलला आलेली माणसं गातात म्हणजे चाल किती सोपी आणि किती आतली असेल बघा. ब्रिक्सहॅमच्या चर्चच्या घंटाही संध्याकाळी हीच धून वाजवतात, मंकची. लाइटची स्वतःची चाल मला अजून ऐकायची आहे, नोटेशन मिळालं तर पेटीवर एकदा वाजवून बघेन.